दीनबंधूकार लोखंडे

रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आज कामगारांच्या पोरांना फार तर रविवारच्या सुट्टीपुरतं माहीत असतं. पण त्या सुट्टीआधी दहा वर्षे हा माणूस एक पेपर चालवीत होता. आम्हाला लिहायचे आहे ते त्याबद्दल.

जन्म १८४८, ठाण्याचा. रेल्वे, पोस्ट अशा नोकऱ्या करून ते मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले 'दीनबंधू' त्यांनी १८८० साली मुंबईत चालवायला घेतले.

त्याच सुमारास फॅक्टरी कायदा आला. टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा'ने त्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं, हा कायदा लँकेशायरच्या मालकांच्या पोटदुखीतून निघालाय. ते खोटं नव्हतं, तिकडचा दबाव होताच. पण देशी मालकाची कड घेताना देशी मजूर मात्र राहून गेला. आता सांगा, ज्या अग्रलेखात आपला घाम मोजलाच जात नाही, त्या पेपरातली गिरणीची बातमी कामगाराने खरी का मानावी? आम्ही साच्यावर होतो तेव्हाही हेच पाहिलं. अग्रलेख मालकाचा वाटला, की आतल्या पानावरच्या अपघाताच्या बातमीवरही माणसं शंका घेत.

लोखंडेही एका बाजूनेच लिहीत, ते कधी लपवलं नाही. पण त्यांचं मत पडताळून पाहता येई. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सभेत ठरलेल्या मागण्याच बघा : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, जखमी कामगाराला बरा होईस्तोवर पूर्ण पगार. ज्याला खोटं वाटेल त्याने गिरणीच्या दारात जाऊन विचारावं. अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवण्यासारखी नाही. जोतीरावांच्या 'शेतकऱ्याचा असूड'ची दोन प्रकरणे 'दीनबंधू'ने छापली आणि पुढची थांबवली. जोतीराव संतापले, आपल्याच छापखानेवाल्यांना भेकड म्हणाले. आम्हालाही हे खटकतं. सरकारची भीती असेल, पेपर जगवायचा असेल. पण मत गिळलं तरी आपली माणसं दुरावतात.

तरी गिरणगाव लोखंड्यांच्या मागे राहिलं. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या सभेला दहा हजार कामगार जमले, दोन बायाही बोलल्या. १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने लोखंडे गेले, तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती.