त्रिस्थळीचा सेतू : जगद्गुरू नारायणभट्ट

महाशिवरात्रीच्या पर्वकाळी काशीविश्वेश्वराचे स्मरण करताना आम्ही जगद्गुरू नारायणभट्टांस प्रथम वंदन करतो. घराणे मूळचे पैठणचे. पिता रामेश्वरभट्ट काशीस जाऊन स्थायिक झाले. नारायणभट्टांचा जन्म इ. स. १५१३ चा. शास्त्राध्ययन पित्यापाशीच झाले.

त्या काळी परचक्रामुळे विश्वेश्वराचे मंदिर भग्न झालेले होते. लिंगच स्थानी नसेल तर शेकडो कोस चालून आलेल्या यात्रेकरूने पूजा कोणाची करावी? प्रयाग, काशी व गया यांच्या यात्राविधीवरील ‘त्रिस्थलीसेतु’ ग्रंथात भट्टांनी निर्णय दिला. कालवशात लिंग बदलले तरी तेथे जे असेल त्याचीच पूजा करावी. काहीच नसले तरी त्या स्थानास प्रदक्षिणा व नमस्कार करावेत.

पुढे १५८५ च्या सुमारास राजा तोडरमलाच्या साह्याने त्यांनी मंदिर उभारविले. तेही १६६९ मध्ये पाडले गेले. आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधविले. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत काशीयात्रा खंडली नाही. मंदिर गेले तरी क्षेत्र जात नाही, हे भट्टांनी शास्त्राधारे आधीच सांगून ठेवले होते. १६७४ मध्ये शिवछत्रपतींस राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे त्यांचेच पणतू होत.