हजरत आयेशा आणि भावाची कबर



घरात मयत झाली की एक प्रश्न हमखास निघतो : आईने मुलाच्या, बहिणीने भावाच्या कबरीवर जावे की नाही? उत्तर देण्याची घाई करण्यापूर्वी आपण उम्मुल मोमिनीन हजरत आयेशा (रजि.) यांचे चरित्र पाहावे.

हजरत अबू बक्र (रजि.) यांची ही कन्या विलक्षण बुद्धीची. त्यांच्याकडून २२१० हदीसी आल्याचे हदीसचे जाणकार सांगतात. मोठमोठे सहाबी अडलेला मसला घेऊन त्यांच्या दारी येत.

कबरी तर त्यांच्या घरातच होत्या. इ. स. ६३२ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांचे दफन त्यांच्याच हुजऱ्यात झाले, ६३४ मध्ये पित्याचे. उरलेली जागा त्यांनी स्वतःसाठी योजली होती. ६४४ मध्ये मरणासन्न हजरत उमर (रजि.) यांनी ती मागितली आणि त्यांनी देऊन टाकली. केवढे हे मन!

पुढे बंधू अब्दुर्रहमान मक्केजवळ वारले व मक्केत दफन झाले. आयेशा मक्केला आल्या तेव्हा कबरीवर गेल्या. परतताना इब्ने अबी मुलैका यांनी विचारले, की प्रेषितांनी याची मनाई केली नव्हती काय? त्यांनी सांगितले, की मनाई होती खरी, पण नंतर प्रेषितांनीच कबरींना भेट देण्यास सांगितले. कबरस्तानात म्हणावयाची दुआही प्रेषितांनी त्यांना शिकविली होती, हे सहीह मुस्लिममध्ये आहे.

मात्र वाचकहो, दुसरी बाजू लपवू नये. तिर्मिजींच्या संग्रहाप्रमाणे भावाच्या कबरीपाशी त्या असेही म्हणाल्या, की मृत्युसमयी मी जवळ असते तर आता भेटीस आले नसते. कबरींवर वारंवार जाणाऱ्या स्त्रियांविषयी कडक शब्दांची हदीसही आहे. म्हणून उलमांत मतभेद झाले. कोकणी मुसलमान ज्या शाफई मजहबचे, त्यातील बहुतेक उलमा स्त्रियांचे जाणे मकरूह मानतात. हनफींत जायज व मकरूह अशी दोन्ही मते आहेत. आक्रोश व छाती बडविणे मात्र कोणीच मान्य केलेले नाही. तेव्हा अश्रू गाळीत दुआ मागणाऱ्या एखाद्या मातेला फाटकावरच दरडावणाऱ्याने हा सारा इतिहास वाचला आहे काय, असे विचारावेसे वाटते.

हिजरी ५८ च्या रमजानमध्ये आयेशा (रजि.) निवर्तल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे प्रेषितांच्या इतर पत्नींजवळ, मदीनेच्या बकी कबरस्तानात, रात्रीच त्यांचे दफन झाले. जनाज्याची नमाज हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी पढविली.