गढूळ पाण्यातला रंग : कार्ल फॉन फ्रिश

पावसाळा लागला की निपाणीजवळची वेदगंगा आणि दूधगंगा घाटमाथ्याची माती घेऊन तांबड्या होतात. बेळगावच्या पश्चिमेकडील ओढे आणि तळीही त्या दिवसांत गढूळ असतात. मरळीसाठी गळ टाकणाऱ्यांच्या पिशवीत गांडूळ आणि बेडकीच्या जोडीला आता मऊ प्लास्टिकची आमिषेही दिसू लागली आहेत. काळी, जांभळी, पोपटी, नारिंगी अशा त्यांच्या किती तरी छटा असतात. अशा पाण्यात कोणता रंग चालतो यावर काठावर बसलेल्या दोघांचे एकमत होणे कठीण. या वादाच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. माशाला रंग दिसतो का? शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाने जर्मनीतील विद्वानांत कडाक्याचे भांडण लावले होते. ते ज्यांनी प्रयोगाने मिटवले, त्या कार्ल फॉन फ्रिश यांना जग मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ लावणारे शास्त्रज्ञ म्हणून ओळखते. त्यांच्या संशोधनाचा आरंभ मात्र माशांपासून झाला.

फ्रिश यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८६ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील शल्यविशारद होते, तर मामा सिग्मुंड एक्सनर हे कीटकांच्या डोळ्यांचा अभ्यास करणारे नामांकित शरीरशास्त्रज्ञ. आल्प्समधील वोल्फगांग सरोवराकाठी ब्रुनविंकल येथे कुटुंबाचे घर होते आणि तिथेच मुलाला प्राणी पाळण्याचा नाद लागला. वैद्यकाचे शिक्षण अर्ध्यावर सोडून ते प्राणिशास्त्राकडे वळले आणि १९१० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता मिनो नावाच्या बोटभर माशाचे रंग बदलणे.

हा मासा तळाच्या रंगाप्रमाणे आपली कातडी बदलतो. पिवळ्या तळावर ठेवला की तो पिवळसर होतो. तेवढ्याच उजळ करड्या तळावर तसा होत नाही. डोळ्याला रंगाचा भेद कळल्याशिवाय हे घडणार नाही, असा निष्कर्ष तरुण फ्रिश यांनी काढला. तो म्युनिकच्या नेत्ररुग्णालयाचे प्रमुख कार्ल फॉन हेस यांना मान्य नव्हता. मासे पूर्ण रंगांध असतात, त्यांना फक्त उजेड आणि अंधार यांचा भेद कळतो, असे हेस यांचे मत होते आणि त्यांच्या नावाचा दबदबा मोठा होता. नुकत्याच शिकवू लागलेल्या संशोधकाला अशा माणसाशी वैर परवडणारे नव्हते. फ्रिश यांनी वादाचे उत्तर प्रयोगातून दिले. एका रंगाच्या खुणेजवळ अन्न मिळते, अशी सवय त्यांनी माशांना लावली. मग तीच खूण करड्या रंगाच्या फिकट ते गडद अशा अनेक छटांमध्ये ठेवली. मासा फक्त उजेडच ओळखत असता, तर तेवढ्याच उजळ करड्या खुणेपाशी तो फसला असता. मासे फसले नाहीत.

पहिल्या महायुद्धात अधू दृष्टीमुळे फ्रिश यांना सैन्यात घेतले गेले नाही. दुसऱ्यांच्या डोळ्यांचा शोध घेणाऱ्या माणसाचे स्वतःचे डोळेच अधू होते.

गढूळ पाण्यात गळ टाकणाऱ्याच्या उपयोगाचा भाग पुढे, १९२५ च्या सुमारास आला. उजेड हळूहळू कमी करत नेला, तर शिकवलेला रंग माशाला केव्हा ओळखता येईनासा होतो, हे फ्रिश यांनी तपासले. संधिप्रकाशात माणसाचे होते तेच माशाचे होते, असे दिसले. रंग हरपतो, फिकट-गडद एवढा भेद उरतो. माशाच्या डोळ्यातही भर उजेडासाठी शंकुपेशी आणि मंद उजेडासाठी दंडपेशी अशी दुहेरी व्यवस्था असते.

पण उजेड संपला म्हणजे मासा आंधळा झाला, असे नाही. १९२३ मध्ये फ्रिश यांनी डोळे काढलेल्या एका लहान कॅटफिशवर प्रयोग केला. अन्न देण्यापूर्वी ते शिट्टी वाजवीत. काही दिवसांतच नुसत्या शिट्टीवर मासा आपल्या नळीतून बाहेर येऊ लागला. मासे बहिरे असतात हा समज तिथे संपला. १९३८ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. जखमी मिनोच्या कातडीतून पाण्यात असे काही मिसळते की, त्याचा सारा थवा घाबरून पळतो. रोहू, कटला, महसीर ही मंडळी मिनोच्याच गोतातली.

१९४१ मध्ये नाझी राजवटीने आजीच्या ज्यू वंशाचे निमित्त करून फ्रिश यांना पदावरून दूर करण्याचे ठरवले. त्याच सुमारास नोसेमा रोगाने मधमाश्यांची पोळी मोठ्या प्रमाणावर मरत होती आणि फळबागा-पिकांना त्याचा फटका बसणार होता. या रोगावरील कामासाठी फ्रिश हवे होते, म्हणून त्यांची हकालपट्टी युद्ध संपेपर्यंत पुढे ढकलली गेली. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत त्यांचे घर गेले. ज्या मधमाश्यांमुळे पद वाचले, त्यांच्याच नृत्यातून अन्नाची दिशा आणि अंतर कळते, हे त्यांनी त्या पडझडीच्या वर्षांत उलगडले. १९७३ मध्ये कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १२ जून १९८२ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

वेदगंगेच्या काठावरचा वाद त्यांच्या कामाने बराचसा सुटतो. दिवसा, पाणी निवळ असताना, आमिषाच्या रंगाला अर्थ आहे. तांबड्या गढूळ पाण्यात निळा प्रकाश लवकर शोषला जातो, म्हणून निळे आमिष काळपट दिसते. दिवस कलला की छटा निवडण्यात हशील नाही. तेव्हा आकाशाच्या उजेडावर ठसठशीत दिसणारी काळी आकृती, तिची हालचाल, पाण्यातला आवाज आणि वास एवढेच माशापर्यंत पोहोचते. पोपटी की नारिंगी हे ठरवण्याआधी पाण्यात उजेड किती उरला आहे, हे पाहावे.