चतुर पंडित विष्णु नारायण भातखंडे

संगीत हा विषय घेऊन बी. ए. व्हावे, पुढे त्याच विषयात एम. ए. करावे आणि महाविद्यालयात त्याचे अध्यापक म्हणून नेमणूक मिळवावी, यात आज कोणास नवल वाटत नाही. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांतून मुलेमुली सायंकाळी गायनवर्गास जातात, प्रवेशिका-विशारदच्या परीक्षा देतात, आणि निकालाचा कागद वडीलमाणसे कौतुकाने पाहुण्यांस दाखवितात. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पांढरपेशा घरातील मुलाने गवयाच्या बैठकीत जाऊन बसणे हे वाया जाण्याचे लक्षण समजले जाई. मुलीची तर गोष्टच नको. गाणे ऐकावे सर्वांनी, शिकावे मात्र ज्यांचा तो पिढीजात धंदा त्यांनी, अशी एकंदर समजूत होती. ही समजूत ज्यांच्या खटाटोपाने मोडली त्यांत दोन विष्णु अग्रगण्य होत. एक विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. आणि दुसरे विष्णु नारायण भातखंडे. पलुस्करांचे नाव भजनांमुळे व शिष्यपरिवारामुळे घरोघर पोहोचले. भातखंडे यांचे नाव परीक्षेच्या पुस्तकावर राहिले, आणि पुस्तकावरील नाव विद्यार्थी सहसा वाचीत नाहीत, हा आम्हां शिक्षकांचा जन्माचा अनुभव आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हे चरित्र निवडले.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. घर मध्यम स्थितीतले. वडील एका धनिकाच्या पदरी नोकरीस असत, आणि त्यांस गाण्याबजावण्याची गोडी होती. पंधराव्या वर्षाच्या सुमारास विष्णूने सतार हाती धरली. वल्लभदास दामुलजी हे त्यांचे सतारीचे गुरू. अभ्यास मात्र बुडू दिला नाही. १८८५ साली ते बी. ए. झाले व १८८७ साली एलएल. बी. पुढे काही काळ कराचीस व नंतर मुंबईस त्यांनी वकिली केली.

विद्यार्थिदशेत असतानाच, १८८४ साली, ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. ही संस्था पारशी गृहस्थ कैखुश्रू काबराजी यांनी १८७० साली स्थापिली होती. सभ्य गृहस्थांनी चांगले गाणे ऐकावे, समजून घ्यावे व जमल्यास शिकावे, हा तिचा हेतु. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून ध्रुपदे आणि अली हुसेन यांच्यासारख्या उस्तादांकडून ख्याल भातखंडे यांनी मिळविले. शेकडो चिजा पाठ झाल्या. पण जसजशा चिजा वाढल्या तसतसे एक कोडे त्यांस छळू लागले. एक गवई एका रागात कोमल निषाद घेई, दुसरा तोच वर्ज्य म्हणे. विचारले तर दोघेही आपापल्या गुरूकडे बोट दाखवीत. संस्कृत ग्रंथ उघडावेत तर त्यांतील शुद्ध स्वर निराळे, राग निराळे. ज्या शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकराचे नाव सारे आदराने घेत, त्यातील वर्णनावरून आजचा एकही राग सरळ गाता येईना. गवयांपाशी विद्या होती पण शास्त्र नव्हते. पंडितांपाशी शास्त्र होते पण ते चालू गाण्यास लागू पडत नव्हते.

अशा वेळी त्यांच्या संसारावर घाला पडला. १९०० साली पत्नी वारली. १९०३ साली एकुलती एक कन्याही गेली. चाळिशी नुकतीच उलटलेला, चांगला शिकलेला, कमावता पुरुष. दुसरा विवाह करणे त्या काळी अगदी सहज होते. त्यांनी तो केला नाही. हळूहळू वकिलीतून अंग काढून घेतले आणि राहिलेले आयुष्य एका विषयास वाहिले. दुःखाची अशी वाट लावणारी माणसे आम्ही फार थोडी पाहिली आहेत.

१९०४ साली ते दक्षिणेकडे निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा करीत एट्टयापुरम् येथे सुब्बराम दीक्षितर या वृद्ध पंडितांची त्यांनी गाठ घेतली. व्यंकटमखीने बहात्तर मेलांत सारे राग कसे बसविले आहेत, हे त्यांनी त्या प्रवासात नीट समजून घेतले. १९०७ साली नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी व हैदराबाद. १९०८-०९ मध्ये अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदेपूर. ठिकठिकाणच्या ग्रंथालयांतील पोथ्या पाहाव्या, नकला करून घ्याव्या, पंडितांस व उस्तादांस प्रश्न विचारावे आणि रात्री उतरण्याच्या जागी सारे टिपून ठेवावे, असा क्रम असे. या टिपणांतून वकील डोकावतो. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे त्यांचे प्रश्न. उत्तर टाळणाऱ्याविषयी त्यांचे मत कडक. कित्येक थोर गवयांविषयी त्यांनी जो अभिप्राय नोंदविला तो आम्हांस अन्यायाचा वाटतो. जो गातो त्याने आपल्या गाण्याची व्याख्याही सांगितलीच पाहिजे, हा आग्रह काहीसा शाळामास्तरी होय. आम्ही त्याच धंद्यातले असल्याने हे म्हणण्याचा आम्हांस अधिकार आहे.

तथापि उस्तादांपुढे गुडघे टेकून बसण्यातही त्यांस कमीपणा वाटला नाही. जयपूरचे मनरंग घराण्याचे महंमद अली खां यांच्या परंपरेतील मोठा ठेवा त्यांनी मिळविला. रामपूरचे नबाब हमीद अली खां यांच्या हातून त्यांनी गंडा बांधून घेतला, आणि तानसेनाच्या वंशातील वजीर खां यांचे ज्ञान तेथे त्यांस लाभले. घराण्यातील चीज बाहेर जाऊ द्यावयाची नाही, प्रसंगी ती आपल्याबरोबर कबरीत न्यावी, असा तो काळ. उस्तादांचेही काही चुकत होते असे नाही. चीज हीच त्यांची इस्टेट. ती वाटून टाकली तर मुलाबाळांनी खावे काय? या भीतीला भातखंडे यांच्यापाशी पुरते उत्तर नव्हते. चिजा छापून निघाल्या तेव्हा घराण्यांची नाराजी झालीच. काहींनी तर बंदिशीचे मूळ रूप बिघडविल्याचा आरोप केला. आम्हांस असे वाटते की या व्यवहारात एका पक्षाचे नुकसान झाले आणि देशाचा फायदा झाला, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

जमविलेल्या या राशीची त्यांनी जी मांडणी केली तीच त्यांची खरी कामगिरी. ग्रंथातील लक्षणांवरून गाणे ठरवावयाचे नाही, प्रचारात जे गायिले जाते ते लक्ष्य धरून त्यावरून लक्षण बांधावयाचे, हा त्यांनी घातलेला पाया. बिलावलाचे स्वर शुद्ध मानून त्यांनी सारे राग दहा थाटांत बसविले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी. १९१० च्या सुमारास श्रीमल्लक्ष्यसंगीत हा संस्कृत ग्रंथ त्यांनी लिहिला आणि त्यावर स्वतःचे नाव न घालता चतुर पंडित असे घातले. पुढे त्याच सिद्धांतांचा विस्तार करणारी हिंदुस्थानी संगीत पद्धति चार भागांत मराठीतून लिहिली. ती गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने आहे. शिष्य शंका काढतो, गुरु समजावितो, कधी चिमटाही घेतो. ज्या काळी विद्वान लोक शास्त्र लिहावयाचे तर इंग्रजीत लिहीत, त्या काळी साऱ्या उत्तर हिंदुस्थानच्या गाण्याचे शास्त्र मराठीत लिहिले गेले, याचा मराठी वाचकास अभिमान वाटावा.

पण शिक्षक या नात्याने आमचा जीव जडला तो त्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेवर. सहा भाग, हजाराहून अधिक चिजा. स्वरलिपी अशी की सामान्य छापखान्यात छापता यावी व मुलाने एका दिवसात शिकावी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकास खाली टिंब, तारसप्तकास वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. बस्स. पहिल्या भागात सोप्या सरगमी, दुसऱ्यात दहा थाटांचे दहाच राग, आणि मग पायरीपायरीने अवघड रागांकडे चढण. रागाचे लक्षण मुलाने घोकू नये म्हणून ते गाण्यातच बांधून दिले : आरोह-अवरोह, वादी-संवादी, गाण्याचा समय, सारे त्या चिजेच्या शब्दांत. ही लक्षणगीते होत. चाळीस मुलांच्या वर्गापुढे उभे राहिलेल्या माणसासच या युक्तीचे मोल कळेल. गवयाच्या घरी एक शिष्य दहा वर्षे राहतो. शाळेत चाळीस मुलांस आठवड्याचे तीन तास मिळतात. भातखंडे यांनी हिशेब केला तो या तीन तासांचा.

या पद्धतीत उणिवा नाहीत असे नाही. दहा थाटांत काही राग ओढूनताणून बसवावे लागतात, अहीरभैरव तर बसतच नाही. मींड, आंदोलन, श्रुतींचे सूक्ष्म भेद कागदावर उतरत नाहीत. त्यांस ते ठाऊक होते. पुस्तक हे गुरूच्या जागी नसून गुरूच्या हाताशी असावयाचे, अशीच त्यांची कल्पना होती. पुढील काळात पुस्तकच गुरु होऊन बसले, तो दोष पुस्तकाचा म्हणता येत नाही.

ग्रंथांबरोबर संस्थांचे काम चालू होते. मार्च १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. उस्ताद, पंडित व इंग्रजी शिकलेले अभ्यासक प्रथमच एका मांडवाखाली बसले. देवल व क्लेमंट्स यांच्या श्रुतींच्या पेटीवर वाद रंगला. आणि संगीताची राष्ट्रीय संस्था असावी हा विचार पुढे आला. १९१८ साली दिल्लीस व १९१९ साली काशीस परिषदा झाल्या, परंतु दिल्लीची नियोजित संस्था काही उभी राहिली नाही. ग्वाल्हेरचे काम मात्र झटपट झाले. माधवराव शिंदे महाराजांनी दरबारचे काही गवई मुंबईस भातखंडे यांच्याकडे पद्धति शिकावयास पाठविले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. चांगला कसलेला गवई पुन्हा विद्यार्थी होऊन पाटीवर स्वर लिहावयास बसला! जानेवारी १९१८ मध्ये ग्वाल्हेरास माधव संगीत विद्यालय सुरू झाले. बडोद्याच्या जुन्या संगीतशाळेचीही त्यांनी नवी घडी बसविली.

राष्ट्रीय संस्थेचे स्वप्न शेवटी लखनौस उतरले. तेथे १९२४ व १९२५ साली परिषदा झाल्या. दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली, त्याच घराण्यातील शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली आणि राजा नवाब अली यांनी कंबर कसली, आणि १९२६ साली मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक उघडले. प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्यास दिले. ठरलेला अभ्यासक्रम, इयत्ता, परीक्षा, पदवी हे सारे येथे गाण्यास लागू झाले. पुढे हे कॉलेज कैसरबागेतील परिखान्यात गेले. जेथे नबाब वाजिद अली शहाच्या हौसेसाठी नृत्यगायनाची तालीम चाले, तेथे फी भरून कोणाचाही मुलगा बसू लागला. भातखंडे यांनी स्वतः पगारी जागा धरली नाही. मुंबईहून ते येत, वर्ग पाहत, परीक्षा घेत.

चालविण्यास त्यांनी आपला शिष्य दिला. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हा मुंबईचा तरुण. बडोद्यास फैयाज खां यांच्याकडे शिकलेला, १९२६ साली बी. ए. झालेला, म्हणजे घराण्याचे गाणे आणि विद्यापीठाची पदवी दोन्ही एका ठायी. १९२८ साली तो प्राचार्य झाला व पाव शतकाहून अधिक काळ ते कॉलेज त्याने सांभाळले. त्या काळातील विद्यार्थ्यांची नावे पाहावीत : चिन्मय लाहिरी, कृष्णराव गिंडे, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर, व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग. चित्रपटांचे संगीतकार रोशन आणि गायक तलत महमूद हेही तेथलेच. कॉलेजातून गवई निपजत नाहीत, फार तर श्रोते निपजतात, असा टोमणा नेहमी ऐकू येतो. वरील नावे त्यास एक उत्तर आहे. दुसरे उत्तर आमचे असे की, श्रोते निपजणे ही काही लहान गोष्ट नव्हे. संस्थाने गेली, दरबार मोडले. त्यानंतर गवयास पोसले कोणी? तिकीट काढून रात्रभर बसणाऱ्या आणि राग ओळखणाऱ्या माणसांनी.

१९३३ साली भातखंडे यांस पक्षाघात झाला. शेवटची तीन वर्षे अंथरुणावर गेली. क्रमिक मालिकेचे शेवटचे भाग छापावयाचे राहिले होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीस, मुंबईत त्यांचे देहावसान झाले. पाचवा व सहावा भाग त्यांच्या मागे १९३७ साली बाहेर पडले. पुढे लखनौच्या कॉलेजास त्यांचे नाव देण्यात आले, १९६१ साली टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले, आणि २०२२ पासून ते कॉलेज भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय झाले आहे.

आपल्या वसाहतीतील गायनवर्गात मुले यमनचे लक्षणगीत म्हणतात तेव्हा आम्ही कधीमधी खिडकीशी थांबतो. अशा गीतांत अनेकदा रचनाकाराची मुद्रा म्हणून चतुर हा शब्द येतो. मुले तो सुरात म्हणून पुढे जातात. चतुर म्हणजे हुशार, असा त्यांचा समज असतो.