सरखेल कान्होजी आंग्रे : एका लॅटिन संज्ञेच्या न्यायासनापुढे

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात, वाघोटन नदीच्या मुखाशी विजयदुर्गचा किल्ला उभा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५३ साली तो आदिलशाहीकडून जिंकला. इंग्रजांच्या दप्तरात या स्थळाचे नाव घेरिया असे आढळते. अठराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत हा किल्ला ज्यांच्या आरमाराचा बलाढ्य आधार होता, ते सरखेल कान्होजी आंग्रे आपणा सर्वांस परिचित आहेत. त्यांच्या पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कायद्याच्या भाषेतील एका लॅटिन संज्ञेचा त्यांच्या जीवनाशी आलेला संबंध मात्र फारसा ज्ञात नाही.

कान्होजींचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून घराण्याला आंग्रे हे नाव पडले. वडील तुकोजी मराठ्यांच्या चाकरीत होते. सुवर्णदुर्गाच्या रक्षणात तरुण कान्होजींनी नाव मिळवले आणि छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात ते आरमाराच्या सर्वोच्च पदाकडे पोहोचले. पुढे १७१४ साली बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने त्यांनी छत्रपती शाहू महाराजांचा पक्ष स्वीकारला आणि सरखेलपद व किनाऱ्यावरील अनेक किल्ले त्यांच्याकडे कायम झाले. म्हणजेच ते एका राज्याचे रीतसर नेमलेले अधिकारी होते. पुढील सर्व हकिगतीचा पाया हाच आहे.

कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे असा कान्होजींचा आग्रह होता. दस्तक नसलेले जहाज ते पकडत. ही पद्धत त्यांनी नव्याने काढलेली नव्हती. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून आपला परवाना सर्वांवर लादत आले होते. समुद्रावर एका राज्याची मालकी असू शकते, या विचाराला लॅटिनमध्ये मारे क्लाउसुम, म्हणजे बंदिस्त समुद्र, असे म्हणतात. पोर्तुगीज आपल्या हक्कासाठी पंधराव्या शतकातील पोपच्या आज्ञापत्रांचाही आधार घेत. अशा आज्ञापत्रांवर उभारलेला शोधाचा सिद्धांत व्हॅटिकनने मार्च २०२३ मध्ये जाहीरपणे नाकारला, हे येथे नमूद करणे उचित होईल. याउलट हॉलंडचे विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस यांनी १६०९ साली मारे लिबेरुम, म्हणजे मुक्त समुद्र, हे तत्त्व मांडले.

समुद्र बंदिस्त मानला, तर आपल्या किनाऱ्यावर परवाना देण्याचा कान्होजींचा हक्क पोर्तुगीजांहून कमी कसा, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर देण्याऐवजी इंग्रजांनी कान्होजींना चाचा ठरवले. कायद्याच्या लॅटिनमध्ये चाच्याला होस्टिस हुमानी जेनेरिस, म्हणजे अखिल मानवजातीचा शत्रू, असे म्हणतात. या शब्दांमागे मोठा परिणाम दडलेला आहे. चाचा हा युद्धातील रीतसर शत्रू नव्हे, म्हणून त्याला शपथेवर दिलेले वचनही मोडता येते, असे रोमन विचारवंत सिसेरो यांचे मत होते. एखाद्याला हे नाव दिले की त्याच्याशी केलेल्या कराराचे बंधन सैल होते.

प्रत्यक्षात काय घडले? १७१२ साली कारवारहून मुंबईकडे निघालेले इंग्रजांचे जहाज कान्होजींनी पकडले. त्यावरील एक विधवा इंग्रज स्त्री कैदेत पडली. १७१३ च्या आरंभी ३०,००० रुपये खंडणी घेऊन तिची सुटका झाली आणि कंपनीने कान्होजींशी तह केला. तह राज्यसत्तेशी होतो; चाच्याशी होत नाही. त्या एका कागदाने कंपनीने स्वतःच आपला आरोप खोडून काढला होता. तथापि कंपनीचा परवाना घेऊन हिंदी व्यापाऱ्यांचा माल वाहणारी जहाजे या तहात येतात की नाही, यावर लवकरच वाद पेटला आणि पुन्हा युद्ध सुरू झाले.

१७१७ आणि १७२० साली इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ले केले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले. १७२४ साली डचांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या. यांपैकी एकही मोहीम सफल झाली नाही. मुक्त समुद्राचा पुरस्कार करणारे आणि बंदिस्त समुद्राचे कैवारी येथे एकाच बाजूला उभे होते.

कान्होजींचे निधन ४ जुलै १७२९ रोजी झाले. अलिबाग येथे त्यांची समाधी आहे. त्यानंतर १७३७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लेमेंट डाउनिंग यांच्या पुस्तकाच्या शीर्षकातही आंग्रे यांना चाचाच म्हटले होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये त्यांचे पुत्र तुळाजी यांच्या हातून विजयदुर्ग गेला. आज मुंबईतील भारतीय नौदलाच्या तळाला आंग्रे यांचे नाव आहे.

कान्होजी निर्दोष होते, असे म्हणण्याचा हेतू नाही. त्यांच्या कैदेत निरपराध माणसे राहिली आणि अनेक व्यापाऱ्यांचे नुकसान झाले. परंतु १९८२ च्या सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चाचेगिरी म्हणजे खाजगी जहाजाने खाजगी हेतूंसाठी केलेले कृत्य. राज्याच्या सरखेलाला ती व्याख्या सहसा लागू पडत नाही.

याच विषयात दुसरे एक लॅटिन वचन स्मरणात ठेवण्यासारखे आहे : पाक्ता सुंत सेर्वांदा, म्हणजे करार पाळलेच पाहिजेत. त्याचे मूळ ख्रिस्तसभेच्या कायद्यात आहे. पोप नववे ग्रेगरी यांनी १२३४ साली प्रसिद्ध केलेल्या विधिसंग्रहात, करार कितीही साधा असला तरी तो पाळावा, असे तत्त्व ग्रथित झाले. ग्रोशियस यांनीही १६२५ साली सिसेरोंचे मत बाजूला सारून, चाच्याला दिलेला शब्दसुद्धा पाळावा, असे प्रतिपादन केले. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ग्रंथात सम्राट अलेक्झांडर आणि पकडलेला चाचा यांचा प्रसंग सांगितला आहे. एका जहाजाने जे केले असता चोरी ठरते, तेच मोठ्या आरमाराने केले की साम्राज्य ठरते, हा त्याचा मथितार्थ. समोरच्याला कोणते नाव द्यावे हे बलवान ठरवतो. दिलेला शब्द पाळावा की नाही, हे मात्र शब्द देणाऱ्याच्याच हाती असते. विजयदुर्गच्या तटाखाली झालेल्या लढायांतून आपण एवढे जरी शिकलो, तरी ते पुष्कळ आहे.