सुब्बाराव : अमृत आणि विष यांच्या सीमेवरचा संशोधक

रक्त घडण्यास आवश्यक असलेले एक जीवनसत्त्व ज्यांच्या प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार झाले आणि त्याच जीवनसत्त्वाचा शत्रूही जिथे जन्मला, त्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. औषध आणि विष यांत अंतर किती थोडे असते, याचा प्रत्यय त्यांच्या कार्यातून येतो.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे झाला. घरची स्थिती बेताची होती. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. पुढे मद्रास मेडिकल कॉलेजात शिकत असताना गांधीजींच्या आवाहनानुसार त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा अंगरखा वापरण्यास आरंभ केला. इंग्रज प्राध्यापकाची त्यामुळे मर्जी खप्पा झाली आणि एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. या कनिष्ठ पदवीवर त्यांना समाधान मानावे लागले.

याच काळात संग्रहणीने घरावर घाला घातला. आतड्यांना अन्नातील सत्त्व शोषता येत नाही, शरीर झिजते आणि रक्त पांढरे पडत जाते, असा हा विकार. त्यांचे दोन भाऊ अल्पावधीत या व्याधीने गेले. स्वतः सुब्बारावही तिच्या तावडीत सापडले होते. आयुर्वेदिक उपचारांनी ते वाचले. त्यानंतर काही काळ त्यांनी मद्रासच्या आयुर्वेदिक महाविद्यालयात अध्यापन केले. मग सासऱ्यांच्या आर्थिक मदतीने, पत्नीला मागे ठेवून, त्यांनी बोस्टनचा रस्ता धरला. ते पुन्हा कधीही मायदेशी परतले नाहीत.

बोस्टनमध्ये उपजीविकेसाठी त्यांना रुग्णालयात हलकी कामे करावी लागली. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी रक्त आणि लघवीतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली (१९२५). ती दोघांच्या नावाने जगभर रूढ झाली. स्नायूंना शक्ती पुरविणाऱ्या फॉस्फोक्रिएटिन आणि ए.टी.पी. या संयुगांवरील त्यांचे कामही तितकेच मोलाचे होते. तरीही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले.

तेथे त्यांच्यापुढे जो प्रश्न आला, त्याचा एक धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. १९२८ मध्ये ल्युसी विल्स या ब्रिटिश संशोधक महिला मुंबईत आल्या होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम करीत असताना कापडगिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांमध्ये त्यांना एक तीव्र रक्तक्षय आढळला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्या अर्कातील उपकारक द्रव्य म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील चमूने १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले. ज्या संग्रहणीने त्यांचे भाऊ नेले, तिच्यातील रक्तक्षयावरही हे द्रव्य गुणकारी ठरले.

कथा येथेच संपली असती, तर ती केवळ यशाची कथा झाली असती. परंतु बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिडची संयुगे दिली, तेव्हा रोग मंदावण्याऐवजी अधिक वेगाने पसरू लागल्याचे त्यांना दिसले. रोगट पेशींनाही वाढीसाठी हेच जीवनसत्त्व हवे होते. मग ते तोडले तर? लेडर्लीच्या रसायनशास्त्रज्ञांनी फॉलिक अ‍ॅसिडसारखेच दिसणारे, पण त्याचे काम न करणारे अ‍ॅमिनोप्टेरिन तयार केले. पेशी त्याला फसते. चुकीची किल्ली कुलपात शिरावी, पण फिरू नये आणि निघूही नये, तसे घडते. नव्या पेशीसाठी लागणारे डी.एन.ए. तयार होणे थांबते.

जून १९४८ मध्ये फार्बर यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोळा मुलांपैकी दहा मुलांमध्ये रोग तात्पुरता मागे हटला होता. त्यापूर्वी या आजारात असे यश दुर्मीळच होते. पण त्याची किंमतही तितकीच स्पष्ट होती. अस्थिमज्जा हा शरीरातील अहोरात्र चालणारा कारखाना; तेथील निरोगी पेशीही सतत विभागत असतात. औषधाला रोगट आणि निरोगी पेशींतील भेद नेमका कळत नाही. आधी पांढऱ्या पेशी घटतात, कारण त्यांतील बहुतेकींचे आयुष्य अगदी अल्प असते. मग ताप येतो, घसा दुखतो. सुमारे दहा दिवस जगणाऱ्या प्लेटलेट्स कमी झाल्या की हिरड्यांतून रक्त येते, अंगावर काळेनिळे डाग उठतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस टिकत असल्याने रक्तक्षय उशिरा जाणवतो. तोंडाच्या आतील त्वचाही सोलवटते.

या यशाचे पुढचे पर्व पाहणे सुब्बाराव यांच्या नशिबी नव्हते. ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मायदेशाने १९९५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

अ‍ॅमिनोप्टेरिनची जागा पुढे त्याच कुळातील मेथोट्रेक्सेटने घेतली. कर्करोगाबरोबरच संधिवातात आणि सोरायसिसमध्ये ते अल्प मात्रेत दिले जाते, आणि तेही आठवड्यातून एकदाच. नेमकी येथेच घातक चूक होते. आठवड्याची गोळी रोजची समजून घेतली गेली, तर काही दिवसांतच अस्थिमज्जा कोरडी पडू शकते. मूत्रपिंडे अशक्त असतील, किंवा सोबत कोट्रायमोक्साझोलसारखे जंतुनाशक घेतले जात असेल, तर धोका आणखी वाढतो. म्हणून गोळीचा वार ठरलेला असावा, चिठ्ठीवर तो स्पष्ट लिहून घ्यावा, रक्ततपासणी चुकवू नये. ताप किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून तातडीने डॉक्टरांना गाठावे. चूक वेळीच लक्षात आल्यास फॉलिनिक अ‍ॅसिड हा उतारा उपलब्ध आहे.

संधिवाताच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेटच्या शेजारी बहुधा फॉलिक अ‍ॅसिडही लिहिलेले असते. पहिल्याचा त्रास दुसऱ्याने सौम्य व्हावा म्हणून. एक रक्ताची वाढ रोखणारे, दुसरे रक्त घडविणारे. या दोन्ही गोळ्यांमागे भीमावरमच्या त्या एकाकी संशोधकाचे श्रम आहेत. रुग्णाने मात्र कोणती गोळी कोणत्या वारी घ्यायची, हे कधीही विसरता कामा नये.