बत्तीस वर्षांचे पूर्ण आयुष्य

सोलापूरच्या भैया चौकातून आपण अनेकदा जातो. याच भागातल्या घरात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाची तयारी करू लागले. त्याच सुमारास जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने वैद्यकीय पथक पाठवायचे ठरवले. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघालेल्या पाच डॉक्टरांत कोटणीस होते.

चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी त्यांना कळली. घरी परतण्याचा मार्ग मोकळा होता, तरीही ते आघाडीकडे गेले. तिथे औषधे अपुरी आणि थंडी कडाक्याची. जखमींची रांग संपत नसे. १९४० मधल्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, असे सांगितले जाते.

त्याच आघाडीवर कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून १९३९ मध्ये दगावले होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापले आणि त्यातून रक्तात जंतुसंसर्ग पसरला. पेनिसिलिन तेव्हा हाताशी नव्हते. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला मरण किती जवळ आहे, हे वेगळे सांगायला नको होते.

पण ते मरणाची वाट पाहत बसले नाहीत. चिनी भाषा शिकले, विद्यार्थी घडवले, शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन.

दरम्यान त्यांना आकडीचे झटके येऊ लागले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी या आजारानेच त्यांचा अंत झाला. वय ३२, मुलगा साडेतीन महिन्यांचा आणि पुस्तक अर्धे राहिलेले.

आज चित्र बदलले आहे. नियमित औषधांनी सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात. कुणाला आकडी आली तर त्याला कुशीवर वळवा आणि डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. तोंडात चमचा घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला किंवा शुद्ध न येता पुन्हा आला, तर लगेच रुग्णालय गाठा.

आपल्या वाट्याला आलेली ही वर्षे, ही औषधे त्यांना मिळाली नाहीत. किती दिवस उरले, हे त्यांच्यासारखेच आपल्यालाही ठाऊक नाही. पण आजचा दिवस हाती आहे. तो कुणाच्या उपयोगी पडला, एवढे रात्री झोपताना स्वतःला विचारता येईल. भैया चौकातल्या त्या घरात आता त्यांचे स्मारक आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जाऊन या.